चित्रपटफितीचा आधार : रासायनिक ऱ्हास व बलहानी

चित्रपटाच्या फितीचे दोन प्रमुख भाग असतात. प्रतिमा जिलेटिनाच्या पातळ थरात असून कृष्णधवल फितीत ती चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते. हा थर ज्या पारदर्शक व लवचिक पट्टीवर चढविलेला असतो, तिला आधार म्हणतात. त्याची जाडी सु. ०·१३ मिमी. असते. प्रेक्षकाला आधार कधीच दिसत नाही. तथापि चित्रपट टिकतो की नाही, हे प्रतिमेइतकेच किंबहुना तिच्याहून अधिक आधारावर अवलंबून असते. प्रतिमा ओळखण्याजोगी असतानाच आधाराचे तुकडे पडल्यामुळे हातचे गेलेले चित्रपट पुष्कळ आहेत. मुंबईच्या उपनगरांत, मुख्यतः मालाड, गोरेगाव व अंधेरी येथे, १९३० नंतर जी चित्रपटनिर्मिती झाली, तिच्यापैकी काय उरले व काय गेले, याचा इतिहास बऱ्याच अंशी या पट्टीच्या रसायनशास्त्राचा इतिहास आहे. निर्मात्यांचा निष्काळजीपणा हे नेहमी पुढे केले जाणारे कारण खोटे नाही, परंतु अपुरे आहे.

फितीवर पडणारा ताण साधा नसतो. ३५ मिमी. रुंदीच्या फितीच्या दोन्ही कडांना छिद्रांच्या ओळी असून प्रत्येक चौकटीच्या वाट्याला प्रत्येक बाजूस चार छिद्रे येतात. प्रक्षेपकातील दंतचक्र या छिद्रांत दात घालून फीत ओढते. बोलपटाच्या प्रक्षेपणात सेकंदाला २४ चौकटी दाखविल्या जातात. म्हणजे फीत सेकंदाला २४ वेळा झटक्याने ओढली जाते व तितक्याच वेळा थांबविली जाते. मिनिटाला ९० फूट फीत या यातनेतून जाते. ताण छिद्रांच्या कोपऱ्यांत एकवटतो व चीर प्रथम तेथेच पडते. शिवाय फीत आखडली, तर तिच्या छिद्रांतील अंतर व चक्राच्या दातांतील अंतर यांचा मेळ राहत नाही. फीत सु. एक टक्का आखडली, तरी ती नेहमीच्या यंत्रातून सुरक्षितपणे चालविणे कठीण होते. हजार फुटांच्या रिळात एक टक्का म्हणजे दहा फूट, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व पटते.

साखळीची लांबी व बल : कापूस, ताग व लाकूड यांचा मुख्य घटक असलेले सेल्युलोज हे बहुवारिक आहे. त्याच्या रेणूत ग्लुकोजाची शेकडो वा हजारो एकके ऑक्सिजनाच्या सेतूंनी एकापुढे एक जोडलेली असतात. असे प्रचंड रेणू खरोखरच अस्तित्वात असतात, हे मत हेर्मान स्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडले. त्या वेळी ते बहुतेकांना मान्य झाले नाही. पुढे १९५३ मध्ये त्यांना या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. चित्रपटाचा उद्योग तोपर्यंत अर्धशतकाचा झाला होता. ज्या पदार्थावर तो उभा होता, त्याची संरचना न कळताच तो वाढला, असे म्हणावयास हरकत नाही.

बहुवारिक पदार्थ ओढला असता त्याला धरून ठेवणारे बल दोन प्रकारचे असते. एका साखळीतील एककांना जोडणारे रासायनिक बंध बळकट असतात. शेजारच्या साखळ्यांमधील आकर्षण त्यामानाने पुष्कळच दुबळे असते. साखळ्या लांब असल्या, म्हणजे त्या एकमेकींत गुंतून राहतात व असंख्य दुबळ्या आकर्षणांची बेरीज मोठी होते. आखूड साखळ्या मात्र ताण पडताच एकमेकींवरून निसटतात. सुताच्या पेळूत लांब धाग्याच्या कापसाचे जे महत्त्व, तेच येथे लांब रेणूंचे. अमेरिकेत सूकने व हॅरिस यांनी सेल्युलोज ॲसिटेटाच्या निरनिराळ्या लांबीच्या साखळ्या वेगळ्या करून त्यांच्या पापुद्र्यांचे ताणबल मोजले (१९४५). त्याच वर्षी पॉल फ्लोरी यांनी ताणबल व साखळ्यांची सरासरी लांबी यांचा संबंध सूत्ररूपाने मांडला. त्यातून दिसते ते असे : लांबी एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे बल फारसे वाढत नाही, जवळजवळ स्थिर राहते, त्या मर्यादेच्या खाली मात्र ते झपाट्याने घसरते.

या आलेखाचा व्यावहारिक अर्थ फितीच्या दृष्टीने घातक आहे. एका साखळीत ३०० एकके आहेत असे समजू. तिच्यातील एकच बंध तुटला, तरी तिचे दोन तुकडे होतात. प्रत्येक साखळीमागे सरासरी एक छेद पडला, की सरासरी लांबी निम्मी होते. तीनशेंपैकी एक बंध तुटल्याने वजनात, रंगात वा पारदर्शकतेत काहीही फरक जाणवत नाही. बल स्थिर असलेल्या पट्ट्यात अशी कापाकापी वर्षानुवर्षे चालू राहिली, तरी फीत हाताला पूर्वीसारखीच लागते. मर्यादा ओलांडली, की तीच फीत घडी घालताच मोडते. फिती ‘अचानक’ खराब झाल्या अशी जी तक्रार संग्राहकांकडून वारंवार ऐकू येते, तिचे मूळ येथे आहे.

नायट्रेट आधार : सेल्युलोजाच्या प्रत्येक ग्लुकोज एककात तीन हायड्रॉक्सिल गट असतात. नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्लांच्या मिश्रणाने त्यांचे नायट्रेटात रूपांतर होते, ही गोष्ट शॉनबाइन यांनी १८४६ च्या सुमारास प्रसिद्ध केली. नायट्रोजनाचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास गेल्यास स्फोटक कापूस मिळतो. ११ ते १२ टक्क्यांपर्यंत ठेवल्यास विद्रावकात विरघळणारा व पापुद्रा बनविता येणारा पदार्थ मिळतो. तो नुसता असता ठिसूळ असतो. अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केले. कापराचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून किंचित दूर ठेवतात व त्यामुळे पदार्थ वाकतो पण मोडत नाही. जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीने १८८९ मध्ये याच पदार्थाची गुंडाळीची फीत विक्रीस आणली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात ल्युम्येअर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, तीही अशाच फितीवरची होती.

कापूर उघड्यावर ठेवल्यास उडून जातो, हे देवघरातील डबीवरून सर्वांस ठाऊक आहे. फितीतूनही तो हळूहळू उडतो व फीत आखडते, कडक होते. हा बदल भौतिक आहे. त्यात साखळी तुटत नाही. खरा नाश वेगळ्या मार्गाने होतो. उष्णता व आर्द्रता यांमुळे नायट्रेट गट सुटतात व नायट्रोजनाची ऑक्साइडे बाहेर पडतात. पाण्याच्या अंशाशी संयोग होऊन त्यांची अम्ले बनतात. ही अम्ले आणखी नायट्रेट गट सोडवितात आणि त्याबरोबरच ग्लुकोज एककांना जोडणाऱ्या ऑक्सिजन सेतूंचे जलीय विच्छेदन करून मूळ साखळीच तोडतात. विक्रियेचे फळच विक्रियेला वेग देत असल्यामुळे ती सुरुवातीस मंद व नंतर बेफाम होते. पत्र्याचा घट्ट डबा फितीचे रक्षण करतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात डब्यामुळे अम्लवायू आतच कोंडला जातो.

ऱ्हासाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम फीत पिवळट होते व प्रतिमा फिकटते. मग जिलेटीन चिकट होते व वेढे एकमेकांना धरतात. पुढे मधासारखा द्रव पाझरतो, रिळाचा एकच गोळा बनतो व अखेरीस उग्र दर्पाची तपकिरी भुकटी उरते. यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत प्रत काढणे बहुधा शक्य असते. याच काळात आगीचा धोकाही वाढत जातो. चांगल्या स्थितीतील नायट्रेट फीत पेट घेण्यास शंभराहून पुष्कळ अधिक अंश तापमान लागते. परंतु ऱ्हास पावलेले रीळ दीर्घकाळ सु. ४१° से. तापमानात राहिल्यास आपोआप पेटू शकते, असे अमेरिकेत १९४९ च्या उन्हाळ्यातील आगींनंतर केलेल्या प्रयोगांत आढळले. ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन रेणूतच असल्याने ही आग गुदमरवून विझविता येत नाही. भारतात अशा फितींची साठवण व वाहतूक १९४८ च्या सिनेमॅटोग्राफ फिल्म नियमांखाली आणण्यात आली व त्यांची अंमलबजावणी स्फोटक द्रव्यांवर देखरेख करणाऱ्या खात्याकडे सोपविली गेली. त्याचे मुख्यालय आता नागपूर येथे आहे. कलेच्या साहित्याची गणना दारूगोळ्याच्या शेजारी व्हावी, हे विचित्र वाटले तरी रासायनिक दृष्ट्या योग्यच होते.

उपनगरांतील चित्रपटगृहे व त्यांच्या फिती : उपनगरी लोहमार्गाचे बोरिवलीपर्यंत विद्युतीकरण १९२८ मध्ये झाले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले आणि शहराच्या कोलाहलापासून दूर, प्रशस्त जागेची गरज निर्मात्यांना भासू लागली. हिमांशू राय व देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाड येथे बॉम्बे टॉकीजची स्थापना केली; ‘अछूत कन्या’ (१९३६) व ‘किस्मत’ (१९४३) हे तेथील गाजलेले चित्रपट. अंधेरी येथे विजय भट्ट व शंकर भट्ट यांच्या प्रकाश पिक्चर्सने ‘रामराज्य’ (१९४३) काढला. शशधर मुखर्जी, अशोक कुमार व त्यांचे सहकारी बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडले व १९४३ मध्ये गोरेगाव येथे फिल्मिस्तान सुरू झाले. ही सर्व निर्मिती नायट्रेट फितीवर झाली. मुंबई ही कापसाची मोठी पेठ असूनही त्याच सेल्युलोजापासून बनलेली कच्ची फीत मात्र सगळी परदेशातून येई. दुसऱ्या महायुद्धात तिचा तुटवडा पडला, तेव्हा सरकारने १९४२ मध्ये चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित केली. लोकप्रिय चित्रपटाच्या प्रती अशा काळात झिजेपर्यंत चालविल्या जाणे अपरिहार्यच होते.

मुंबईचे वार्षिक सरासरी तापमान सु. २७° से. असून पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. खाडी व समुद्र यांच्या मधल्या या पट्ट्यात पत्र्याच्या छपराखालील कोठार म्हणजे वर सांगितलेल्या विक्रियेसाठी जणू मुद्दाम सिद्ध केलेले पात्रच. चित्रण संपून वितरण आटोपल्यावर जुन्या फितीला बाजारात किंमत उरत नसे. किंमत असे ती तिच्यातील चांदीला. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, तिची रिळे चांदी काढण्यासाठी गेली, असे निर्माते अर्देशीर इराणी यांच्या कुटुंबीयांकडून कळल्याचे चित्रपट-संग्रहपाल पी. के. नायर सांगत. भारतात सु. १,३०० मूकपट निघाले. त्यांतील तीसच्या आसपासच, तेही अनेकदा तुकड्यांच्या रूपात, शिल्लक आहेत. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची म्हणून जी रिळे दाखविली जातात, ती १९१३ च्या चित्रपटाची की १९१७ मधील पुनर्निर्मितीची, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत.

हवामानाचा वाटा किती, हे हिमांशू राय यांच्याच उदाहरणाने स्पष्ट होते. मालाडला येण्यापूर्वी त्यांनी जर्मन सहकाऱ्यांसह भारतात चित्रित केलेले ‘प्रेम संन्यास’ (१९२५), ‘शिराज’ (१९२८) व ‘प्रपंच पाश’ (१९२९) हे तिन्ही मूकपट आज पाहावयास मिळतात. त्यांतील ‘शिराज’ लंडन येथील ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या संग्रहातील साहित्यावरून २०१७ मध्ये नव्याने सिद्ध केला. त्याच काळात मुंबईतच राहिलेल्या मूकपटांपैकी बहुतेकांचे नावच काय ते उरले आहे. तेथे संग्रह करण्याची संस्था होती व येथे नव्हती, हे खरे. परंतु संस्था उभी राहीपर्यंत फीत तग धरू शकेल अशी थंड हवा तेथे होती, हेही तितकेच खरे आहे. चांगल्या रीतीने बनविलेली व थंडीत ठेवलेली नायट्रेट फीत शंभर वर्षे उलटूनही लवचिक राहिल्याची उदाहरणे आहेत.

ॲसिटेट आधार : नायट्रेटाऐवजी सेल्युलोजाचे ॲसिटेट वापरल्यास ज्वालाग्राहीपणा टळतो. घरगुती चित्रणाच्या १६ मिमी. फितीसाठी ते १९२३ पासून रूढ होते. परंतु त्या वेळचे ॲसिटेट ३५ मिमी. फितीला लागणाऱ्या बलात कमी पडे. ट्रायॲसिटेटाची पुरेशी बळकट फीत १९४८ मध्ये आली व १९५१ च्या सुमारास कोडॅक कंपनीने नायट्रेट फितीचे उत्पादन थांबविले. नव्या फितीला ‘सुरक्षित फीत’ असे नाव पडले. हे नाव आगीपुरतेच खरे होते. ते टिकाऊपणालाही लागू आहे, असा समज झाल्याने पुढे मोठे नुकसान झाले. संग्रहपालांनी नायट्रेटावरील चित्रपट विश्वासाने ॲसिटेटावर उतरविले, आणि काही ठिकाणी मूळ फिती नष्टही केल्या.

या फितीचा दोष प्रथम भारतातूनच उघड झाला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. ट्रायॲसिटेट फीत वापरात येऊन दहा वर्षे होण्याच्या आतच तिच्या ऱ्हासाची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली, ती भारत सरकारकडून. उष्ण व दमट जागी ठेवलेल्या फितींविषयी ती होती. थंड देशांतील संग्रहांना हाच अनुभव येण्यास आणखी पुष्कळ वर्षे लागली. कारण, येथील हवेने पुढील तीस-चाळीस वर्षांचा प्रयोग थोडक्यात उरकला होता.

ॲसिटेटाच्या ऱ्हासातही क्रम तोच आहे. आर्द्रतेमुळे ॲसिटिल गट सुटून ॲसिटिक अम्ल बनते. शिरक्याचा आंबट वास ही त्याची खूण होय. या पहिल्या टप्प्यात केवळ साखळीचे पार्श्वगट गळतात, कणा शाबूत असतो. म्हणून फीत वासाने बिघडलेली पण हाताला धड वाटते. साचलेले अम्ल नंतर कण्यावर हल्ला करते व साखळ्यांची लांबी घटू लागते. गट गळाल्याने लवचिकपणा आणणारी द्रव्येही आधारात सामावून राहू शकत नाहीत व पृष्ठभागावर स्फटिकांच्या रूपाने बाहेर येतात. आधार आखडतो, त्याला चिकटलेले जिलेटीन तितके आखडत नाही; परिणामी त्याला सुरकुत्या पडतात व ते सुटते. रॉचेस्टर येथील इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने प्रवेगित चाचण्यांवरून काढलेल्या अनुमानानुसार २१° से. तापमान व ५० टक्के आर्द्रता असल्यास नवी ॲसिटेट फीत सु. ४० वर्षांत अशा अवस्थेस पोहोचते, की तेथून पुढे ऱ्हास आपोआप वेग घेतो. तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढले, की विक्रियेचा वेग सु. दुप्पट होतो. या हिशेबाने मुंबईच्या सरासरी तापमानात हीच मुदत वीस वर्षांवर येते व दमट हवेमुळे ती त्याहूनही घटते. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत चित्रित झालेला ‘मुगल-ए-आझम’ १९६० मध्ये प्रदर्शित झाला. त्या काळच्या फितींना १९८० च्या आत-बाहेर आंबट वास येऊ लागला असल्यास नवल नाही.

पुढे पॉलिएस्टर आधार आला. त्याच्या साखळीत बेंझीन वलये असून ती इतकी चिवट असते, की प्रक्षेपकात अडथळा आल्यास फितीऐवजी यंत्राचाच भाग मोडण्याची भीती असते. तिचेही जलीय विच्छेदन होते, पण कित्येक पटींनी सावकाश. प्रदर्शनाच्या प्रतींसाठी ती विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र रूढ झाली. मूळ चित्रणाची निगेटिव्ह मात्र, सहज कापता व चिकटविता येते म्हणून, ॲसिटेटावरच राहिली. टिकाऊ आधार ज्या प्रतीला मिळावयास हवा होता, तिलाच तो मिळाला नाही.

जतन : तुटलेली साखळी पुन्हा जोडण्याचा उपाय नाही. विद्रावकाच्या वाफेने आखडलेली फीत तात्पुरती मऊ करता येते, एवढेच. बल परत येत नाही. म्हणून जतनाचे सारे मार्ग विक्रिया मंदावण्याचे आहेत. फीत थंड व कोरड्या जागी, अम्लवायू बाहेर पडू शकेल अशा वेष्टनात ठेवतात व आंबलेली रिळे चांगल्या रिळांपासून दूर ठेवतात. अम्लता मोजण्यासाठी रंगद्रव्य लावलेली कागदी पट्टी डब्यात ठेवतात. ती निळ्याची हिरवी व मग पिवळी होते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झाले, तेव्हा मालाडच्या पहिल्या चित्रपटांना तीस वर्षे होत आली होती. संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील चित्रपट संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत जळाला. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. मुंबईत २०१४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही खाजगी संस्था निघाली असून ती जुन्या फितींची पाहणी, दुरुस्ती व प्रशिक्षण यांचे काम करते.

आखडलेल्या फितींसाठी आता दंतचक्राविना, रुळांवरून अलगद सरकवून प्रत्येक चौकट टिपणारी यंत्रे वापरतात. त्यामुळे पूर्वी निकालात काढली गेली असती अशी रिळेही अंकीय स्वरूपात उतरविता येतात. प्रत घेऊन झाल्यावर मूळ फीत टाकून देत नाहीत, थंड कोठारात परत ठेवतात. अंकीय प्रतीची नोंदसाधने दर काही वर्षांनी बदलावी लागतात आणि आधाराची जी चौकट अजून वाकूनही मोडत नाही, तिच्यातून उद्याच्या यंत्रास आजच्यापेक्षा अधिक तपशील मिळू शकतो.